सतरा मार्चच्या मिरवणुकीची वही

११ जानेवारी २०२५, शनिवार

मुलीच्या शाळेत पालकांची सभा झाली. शाळा गेलस्कोल आहे, म्हणजे गणित, चित्रकला, मधल्या सुट्टीतली भांडणं, सगळं आयरिश भाषेतून. आयर्लंडमधल्या किल्डेर जिल्ह्याच्या उत्तरेला आमचं गाव. इथं सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे देशाच्या संत पॅट्रिकच्या सणाला, मिरवणूक निघते आणि शाळा दरवर्षी तीत चालते. यंदा भाषेचं काम मी अंगावर घेतलं. ही वही त्यासाठी.

गेल्या वर्षीचं आठवतं ते आधी लिहून ठेवते. पुढे मोठा हिरवा फलक, मागे साठेक मुलं, हातात कागदी झेंडे. मी फुटपाथवर उभी होते. फलकावर आयरिश होतं, पण त्या भाषेतला एकही शब्द माझ्या कानावर पडला नाही. मुलं बिचकून गप्प चालली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढचं पथक आलं. मी डोंबिवलीची. १९९९ साली तिथं गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते आणि फडके रोडवरून लेझीम खेळत गेले आहे. मिरवणूक आधी ऐकू येते, मग दिसते, हे तेव्हापासून अंगात मुरलेलं. भाषेची मिरवणूक मुकी जाते हे मला वर्षभर टोचत होतं.

१७ मार्च हा ‘शॉख्तन ना गेल्गे’चा शेवटचा दिवस. शॉख्तन म्हणजे आठवडा, पण हा आयरिश भाषेचा आठवडा १ ते १७ मार्च असा भरघोस चालतो. तो १९०२ मध्ये सुरू केला ‘कॉनरा ना गेल्गे’ या संस्थेनं. संस्था १८९३ ची, पहिले अध्यक्ष डग्लस हाइड. तेच पुढे १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सेंट पॅट्रिक्स डेला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९०३ मध्ये, आणि त्या काळात डब्लिनच्या रस्त्यांवर खास भाषेसाठी मिरवणुका निघत. म्हणजे आम्ही नवीन काही करत नाही आहोत. सव्वाशे वर्षांपूर्वीचा धागा पुन्हा हातात घेतो आहोत.

१८ जानेवारी, शनिवार

आज जनगणनेचे आकडे काढून बसले. २०२२ मध्ये १८,७३,९९७ लोकांनी ‘आयरिश बोलता येतं’ असं लिहिलं. तीन वर्षांवरच्या लोकसंख्येत दर शंभरात चाळीस. शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे मात्र ७१,९६८. पहिला आकडा वाचून आनंद होतो आणि दुसरा वाचून माणूस गप्प बसतो.

या दोन आकड्यांच्या मधे कोण आहे ते संध्याकाळी कळलं. शेजारचे आजोबा कचऱ्याचे डबे आत घेत होते. त्यांना मिरवणुकीचं सांगितलं तर म्हणाले, माझं आयरिश गेलं, शाळेत इतकी वर्षं घोकलं पण काही उरलं नाही. हे सगळं इंग्रजीत. मी सहज म्हटलं, “जिया ग्विच.” त्यांच्या तोंडून तत्क्षणी आलं, “जिया स म्विरा ग्विच.” विचार करायलाही वेळ घेतला नाही. मग तेच थबकले आणि हसले.

‘जिया ग्विच’ म्हणजे देव तुझ्यासोबत असो. उत्तर: देव आणि मेरी तुझ्यासोबत असोत. इथं शाळेत गेलेल्या कुणालाही हे उत्तर येतं, कारण बारावीच्या तोडीच्या लीव्हिंग सर्टिफिकेटपर्यंत आयरिश सगळ्यांना शिकावंच लागतं. काहींना त्यातून सूट मिळते. लोकांची भाषा हरवलेली नाही, संकोचाखाली दबली आहे. चूक होईल, शाळेतल्यासारखं कुणी टोकेल, ही भीती. आपल्याला फलक दाखवायचा नाही, लोकांना उत्तर द्यायला लावायचं आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

एओविन वादळ. देशभर लाल इशारा, शाळा बंद, संध्याकाळची बैठक रद्द. दिवसभर वाऱ्याचा आवाज.

१ फेब्रुवारी, शनिवार

रद्द झालेली बैठक आज झाली आणि चांगली दोन तास चालली.

मी ‘गणपती बाप्पा’ आणि ‘मोरया’ समजावून सांगितलं. पुढचा माणूस अर्धं ओरडतो, उरलेलं अर्धं गर्दीनं पुरं करायचं असतं. ते पुरं केलं की बघणारा माणूस बघणारा राहत नाही, मिरवणुकीत येतो. मुलांनी ‘जिया दीव’ अशी हाक द्यायची (एकाला म्हणायचं तर ‘ग्विच’, अनेकांना ‘दीव’, आपल्या तुला आणि तुम्हाला सारखं) आणि फुटपाथनं उत्तर द्यायचं. मुख्याध्यापिकांनी यात मोलाची भर घातली. जुन्या रीतीत हे अभिवादन वाढत जातं: पहिला देवाचं नाव घेतो, दुसरा मेरीचं, आणि पहिल्याला पुन्हा बोलायचं असेल तर तो पॅट्रिकचं नाव जोडतो. ‘जिया स म्विरा ग्विच इस पॉद्रिग.’ पॅट्रिकच्याच सणाला याहून चांगलं काय मिळणार? लोकांचं उत्तर आलं की मुलं ‘इस पॉद्रिग!’ म्हणून टोक गाठतील.

एका बाबांनी मुद्दा काढला की शाळेत सगळ्या धर्मांची आणि धर्म न मानणाऱ्यांचीही मुलं आहेत, देव-मेरी कशाला? मुद्दा रास्त होता. मी म्हटलं, आमच्याकडे गावात दोन माणसं भेटली की रामराम म्हणतात, तेव्हा तिथं पूजा चाललेली नसते, ओळख दिलेली असते. पण माझं म्हणणं म्हणजे निर्णय नव्हे. ठरलं असं की ज्या मुलांना ही हाक नको त्यांनी ‘कसे आहात?’ विचारायचं. त्यावरून वेगळीच गंमत रंगली, कारण ‘कसा आहेस’ तीन प्रांतांत तीन तऱ्हेनं म्हणतात: मन्स्टरमध्ये एक, कॉनाक्टमध्ये दुसरं, अल्स्टरमध्ये तिसरं. पहिलीच्या बाई कॉनेमाराच्या, म्हणजे कॉनाक्टच्या, तिसरीचे सर डोनेगलचे, म्हणजे अल्स्टरचे. दोघांनीही आपापलं म्हणून दाखवलं आणि दोघांनाही ते गाण्यासारखं म्हणता आलं. कोल्हापूरचं आणि वऱ्हाडचं मराठी एका खोलीत ऐकावं तसं वाटलं. तिन्ही ठेवायची.

३ फेब्रुवारी, सोमवार

सेंट ब्रिजिडची सुट्टी. किल्डेर गावात गेलो होतो. हा जिल्हाच तिचा. किल दारा म्हणजे ओकच्या झाडाचं देऊळ, आणि ते तिनं वसवलं असं परंपरा सांगते. मुलगी रस्त्यावरच्या पाट्या वाचत होती. इथल्या पाट्यांवर वर तिरप्या अक्षरात आयरिश नाव, खाली इंग्रजी. ती म्हणाली, “आई, खालच्या नावाला अर्थच नाहीये.” घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हेच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मुलीच्या त्या वाक्यातून पाट्यांचं काम निघालं. आवाज हवाच, पण हाक देणाऱ्या मुलांच्या हातात काहीतरी असायला हवं. घोषवाक्यं नकोत, आपल्या आसपासच्या गावांची खरी नावं आणि त्यांचा अर्थ.

सेलब्रिज म्हणजे किल द्रोहिज, पुलाजवळचं देऊळ. न्यूब्रिज म्हणजे द्रोहेद नुआ, नवा पूल. लूकन म्हणजे ल्याव्कॉन, एल्म झाडांची जागा. लेक्सलिपचं नाव मूळ नॉर्स लोकांनी दिलेलं, सामन माशाची उडी, आणि आयरिशनं त्याचा तोच अर्थ आपल्या शब्दांत केला: लेम अन व्रदॉन. डब्लिनला आयरिशमध्ये डब्लिन म्हणतच नाहीत. ते बाल्ये आहा क्लीआ, कुडाच्या उताराचं गाव, म्हणजे नदी पार करायला जिथं विणलेल्या फांद्यांचे तट्टे टाकले होते ते. आणि ‘डब्लिन’ हासुद्धा आयरिशच शब्द, काळा डोह.

नावांच्या शेवटी ‘मोर’ आणि ‘बेग’ येतात, मोठं आणि लहान. हे कळलं तेव्हा मी एकदम घरी पोचले. बुद्रुक आणि खुर्द! मुलीला नकाशावर पुणे जिल्हा उघडून दाखवला: वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. तिला ते इतकं पटलं की तिनं दोन्ही वहीत उतरवून घेतलं.

ही नावं इंग्रजी कानांना जशी ऐकू आली तशी लिहिली गेली. १८२४ पासून ब्रिटिशांनी सगळ्या आयर्लंडचा तपशीलवार नकाशा काढला. त्यात जॉन ओ’डोनव्हन नावाचे विद्वान १८३४ पासून गावोगाव फिरत, म्हाताऱ्यांना विचारत मूळ आयरिश रूपं टिपत होते. नकाशावर इंग्रजी रूप छापलं गेलं, पण मूळ रूपं त्यांच्या नोंदींत राहिली. ते फिरले नसते तर मुलांच्या हातात द्यायला आज आमच्याकडे किती नावं उरली असती? पुढे १८४५ च्या महादुष्काळात जी माणसं मेली, जी जहाजांनी देश सोडून गेली, त्यांत आयरिश बोलणारे सर्वात जास्त होते. काही गावांत नाव उरलं, ते उच्चारणारे गेले.

चोवीस पाट्या. प्रत्येकीवर वर आयरिश, खाली अर्थ. इंग्रजी नाव नाही, ते लोकांनी ओळखायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिल्लीत साहित्य संमेलन चालू आहे, अठ्ठ्याण्णवावं, अध्यक्ष तारा भवाळकर. काल ग्रंथदिंडी फोनवर पाहिली. पालखीत ग्रंथ, पुढे टाळ. सकाळी उत्साहानं शाळेत प्रस्ताव ठेवला की आपणही एका सजवलेल्या हातगाडीत आयरिश पुस्तकं ठेवून न्यावीत. कॉनेमाराच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “कठड्यामागच्या माणसाला ती वाचता येतील का?” बरोबर आहे. हातगाडी रद्द.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. आमच्याकडे चार मराठी घरं जमली. पुरणपोळी झाली, कविता झाल्या, आणि मग मी सगळ्यांना मिरवणुकीत चालायचं निमंत्रण दिलं. एक वहिनी म्हणाल्या, आम्हाला कुठं आयरिश येतं? म्हणून जेवणाच्या टेबलावरच तास घेतला, देवनागरीत लिहून.

मराठी माणसाला आयरिश शिकताना जे हाताशी असतं ते इंग्रजी माणसाला नसतं, हे मी दोन वर्षांच्या अनुभवानं सांगते. इंग्रजीत माणूस भुकेला ‘असतो’. मराठीत मला भूक लागते. आयरिशमध्ये तॉ ऑक्रस ऑरम, भूक माझ्यावर आहे. पुस्तक माझ्याकडे असतं, तॉ ल्याउर अगम, पुस्तक माझ्यापाशी आहे. इंग्रजीसारखं ‘बाळगणं’ दोघींतही नाही. आपण मुलांना हाक मारताना ‘मुलांनो’ म्हणतो, ते ‘अ फॉश्ती’ म्हणतात. संबोधन विभक्ती दोन्हीकडे जिवंत.

आणि सगळ्यांना भावलं ते हे: माणसं मोजायला आयरिशमध्ये वेगळे आकडे आहेत. दोन पुस्तकांना एक शब्द, दोन माणसांना दुसरा. बेर्च म्हणजे दोघं, त्रूर म्हणजे तिघं, क्याहरर म्हणजे चौघं. इंग्रजीत हे सांगायला अख्खं वाक्य लागतं, मराठी पोराला नुसतं दोघं-तिघं म्हटलं की कळतं. चाळीसला शब्द आहे ‘डाहद’, मुळात दोन विसा. माझी आजी अंडी विसांनीच मोजायची.

रात्री निघताना वहिनी दारात म्हणाल्या, “बेर्च येऊ आम्ही.” म्हणजे त्या आणि त्यांचा मुलगा.

५ मार्च, बुधवार

पाट्या छापून आल्या आणि एकावरही फादा नाही. फादा म्हणजे स्वरावरची तिरपी रेघ, स्वर लांबवणारी. छापताना कुठल्याशा टप्प्यावर सगळ्या गळून पडल्या. दुकानात सांगितलं तर म्हणाले, वाचता तर येतंय.

वाचता येत नाही. ‘ब्रिश्ते’ म्हणजे मोडलेलं, फादा देऊन ‘ब्रीश्ते’ म्हणजे विजार. ‘फ्यार’ म्हणजे पुरुष, ‘फेर’ म्हणजे गवत. दिन आणि दीन एकच म्हणणाऱ्याला आपण काय सांगू? ही रेघ आयरिश लोकांच्या नावांतूनही पुसली जाते, कारण संगणकाचे तक्ते ती घेत नाहीत. सरकारी कार्यालयांनी माणसाचं नाव फादासकट नोंदवावं अशी तरतूद भाषा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीत आहे. कायदा करावा लागला, इतकी ती छोटी रेघ मोठी आहे.

पुन्हा छापायला पैसे नव्हते. पांढऱ्या चिकटपट्टीच्या बारीक कापट्या केल्या आणि सहावीची मुलं आणि मी मिळून तीन तास फादा चिकटवत बसलो. प्रत्येक मूल चिकटवण्याआधी शब्द मोठ्यानं म्हणत होतं, लांब स्वर लांबवून. छापून नीट आल्या असत्या तर हे झालं नसतं.

८ मार्च, शनिवार

मैदानावर तालीम. भुरभुर पाऊस. बोरॉन वाजवणारी चार मुलं आहेत. बोरॉन हे बकऱ्याच्या कातड्याचं गोल वाद्य, आपल्या डफाच्या जातीचं, आखूड काठीनं वाजतं. दमट हवेनं कातडं सैल पडलं, आवाज मेला. हलगीवाले विस्तवावर शेकतात ते आठवलं, इथं कुणाच्या तरी गाडीतल्या हिटरपुढे धरलं.

हाक बेताची जमली. मुलं एकत्र ओरडतात तेव्हा शब्द विरघळतात. तालावर बसवलं: बोरॉनचे चार ठोके, हाक, मग पूर्ण चार ठोके शांतता. शांतता ठेवणं मुलांना सर्वात जड गेलं. पण उत्तरासाठी जागा सोडली नाही तर उत्तर कुठून येणार.

१३ मार्च, गुरुवार

निवेदकांना भेटले. व्यासपीठावरून प्रत्येक पथकाची ओळख तेच करून देतात, गेली कित्येक वर्षं. त्यांना विनंती केली की आमच्या वेळी पहिली हाक तुम्ही आयरिशमध्ये द्या. त्यांचा चेहरा पडला. शाळेतल्या आयरिशच्या तासाला त्यांना मार बसायचा. ते इतक्या वर्षांनीही आवाज खाली घेऊन सांगत होते. मी आग्रह सोडला. त्यांना फक्त इथली म्हण ऐकवली, ‘इस फ्यार गेल्गे व्रिश्ते नॉ बेर्ला क्लिश्ते’, चतुर इंग्रजीपेक्षा मोडकं आयरिश बरं. ती त्यांना अर्थातच माझ्याहून चांगली येत होती. माझा ‘व्रिश्ते’ त्यांनी दुरुस्त करून दिला. मी कागद ठेवून आले.

१७ मार्च, सोमवार

रात्रीचे साडेदहा. पाय दुखताहेत, पण आजच लिहायला हवं.

अठ्ठावन्न मुलं, एकवीस मोठी माणसं, त्यांत आम्ही मराठी नऊ. गार वारा. पहिल्या वळणापर्यंत काहीही झालं नाही. चार ठोके, ‘जिया दीव!’, चार ठोके शांतता, आणि ती शांतताच. लोक हसून हात हलवत होते. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा एका कठड्यापाशी उभ्या गार्डानं, ड्यूटीवरच्या पोलिसानं, खणखणीत आवाजात एकट्यानं उत्तर दिलं. त्याच्या बाजूचे लोक वळून बघायला लागले, आणि पुढच्या हाकेला त्यांच्यातल्या दहा-बारा जणांनी दिलं.

तिथून ते पसरत गेलं. मुलांच्या लक्षात आलं की शांततेत काहीतरी येतंय, तेव्हा त्यांचा आवाज चढला. चिप्सच्या दुकानाबाहेरची पंधरा-सोळा वर्षांची पोरं सगळ्यात मोठ्यानं ओरडली. पाट्यांनी वेगळंच काम केलं. ‘सामन माशाची उडी’ पाहून एक बाई नवऱ्याला विचारत होती, हे कुठलं? आणि तिच्या कडेवरच्या नातवानं सांगितलं, लेक्सलिप.

व्यासपीठापाशी पोचलो. निवेदकांच्या हातात माझा कागद दिसत नव्हता. त्यांनी शाळेचं नाव इंग्रजीत घेतलं, ध्वनिवर्धक जरा लांब धरला, परत जवळ आणला आणि म्हणाले, “जिया दीव, अ फॉश्ती.” देव तुमच्यासोबत असो, मुलांनो. हे कागदावर नव्हतं. मी त्यांना गर्दीला उद्देशून हाक लिहून दिली होती, त्यांनी ती मुलांना दिली. म्हणजे उत्तर द्यायची पाळी आता मुलांवर आली. एक क्षण अठ्ठावन्न मुलं गोंधळली. मग सहावीच्या रांगेतून सुरू झालं, ‘जिया स म्विरा ग्विच’, आणि व्यासपीठासमोरची सगळी गर्दी त्यात मिसळली. निवेदकांनी टोक गाठलं, “इस पॉद्रिग!” आणि कठड्यामागून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, “इस ब्रीज!” आणि ब्रिजिड.

किल्डेरमध्ये ब्रिजिडला विसरून चालणार नव्हतं. जुन्या रीतीत पॅट्रिकनंतर तिचंच नाव येतं. मी ३ फेब्रुवारीला तिच्या गावात जाऊन आले होते आणि तरी मला सुचलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

पाट्या पुसून वाळवल्या. सात फादा गळाल्या, वाऱ्यानं असणार. पुढच्या वर्षी रंगानं काढायच्या, बाजारातून छापून नाही. हाकेत ब्रीज घालायची. बोरॉनसाठी कृत्रिम कातड्याची दोन तरी घ्यावीत. शांतता चार ठोक्यांऐवजी सहा ठोके: मोठ्या माणसांना आठवायला थोडा जास्त वेळ लागतो.

चोवीसपैकी अकरा पाट्या गावातल्या दुकानांनी मागून घेतल्या. काचेत लावणार आहेत.

२२ मार्च, शनिवार

सकाळी डबे बाहेर ठेवताना शेजारचे आजोबा भेटले. आता आमचं रोजचं ठरलेलं आहे, मी एक नाव घेते, ते दुसरं जोडतात. आज ते तिथं थांबले नाहीत. आकाशाकडे बघून एक लांब वाक्य बोलले, आयरिशमध्ये. मला ‘पाऊस’ आणि ‘दुपार’ एवढंच कळलं. परत सांगा म्हटलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सोडवून.